सूनबाईला झोप लागली

सर्व्हेअरांचा माणसांवर विश्वास नव्हता, वस्तूंवर होता. आता यात स्वभावाचा दोष किती आणि नोकरीचा किती, ते कोण ठरवणार? आयुष्यभर विमा कंपनीसाठी त्यांनी जळकी दुकानं, बुडालेली तळघरं आणि चेपलेल्या गाड्या तपासल्या. मालक ऊर बडवून काय वाट्टेल ते सांगायचा. हे ऐकायचे, मान हलवायचे आणि मग भिंतीकडे बघायचे. एकदा एक कापडाचं गोदाम जळालं. मालक धाय मोकलून रडत होता. सर्व्हेअरांना भिंतीवर नुसता एक खिळा दिसला, खाली राखेत ना काच, ना चौकट. तिथे मालकाच्या वडलांचा फोटो असायचा, असं शेजाऱ्याने सांगितलं. म्हणजे आग लागायच्या आधी वडील सुखरूप घरी गेले होते! दावा फेटाळला गेला. हा किस्सा त्यांनी घरात इतक्यांदा सांगितला होता की "गोदामाच्या भिंतीवर" एवढं ऐकू आलं तरी बायको भांडी घासायला उठायची.

निवृत्तीनंतर जळायला दुकानं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी घराचाच सर्व्हे सुरू केला. कोण येऊन गेलं ते पायपुसण्यावरून, किती वेळ बसलं ते कपांवरून. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. पण विचारून कळणं म्हणजे त्यांना परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिल्यासारखं वाटायचं.

मुलगा जहाजावर, वर्षातले निम्मे महिने पाण्यात. घरात बायको, नात आणि सूनबाई. सूनबाई वकील. कोर्टात टेबलावर हात आपटणारी नव्हे. पेटंटच्या कागदांत मान घालून बसणारी. दम्याच्या फवाऱ्यात एक बारकीशी झडप असते, दाबलं की औषध मोजकंच बाहेर येतं. तशी एक नवी झडप एका छोट्या कंपनीने शोधून काढली, पेटंट घेतलं, आणि एका अवाढव्य कंपनीने ती बिनदिक्कत आपल्या फवाऱ्यांत बसवली. निदान छोटीचं म्हणणं तसं. घरात या दोघींना धाकटी आणि थोरली म्हणत. सूनबाई धाकटीकडून लढत होती. खटला सुरू झाला तेव्हा नात पाळण्यात होती; ती शाळेत जायला लागली तरी खटला आपला रांगतच होता.

केस हातात आली त्याच दिवशी सूनबाईने जेवताना सांगून टाकलं होतं, "आपल्या घरातल्या कुणीही धाकटीचा शेअर घ्यायचा नाही, आणि मला केसबद्दल एक अक्षर विचारायचं नाही. माझी सनद जाईल."

"छे छे, प्रश्नच नाही," सर्व्हेअर म्हणाले. आणि शब्दाला जागले हो! एक शेअर घेतला नाही, एक प्रश्न विचारला नाही. फक्त बघत राहिले. बघायला कुणाची बंदी आहे?

दुपारी ते दंतवैद्याकडे जात. दाताचं काही नव्हतं, दोस्ती होती, तीसुद्धा लंगोटीतली. डॉक्टरांच्या दवाखान्यात अलीकडे दुपारी चिटपाखरू नसायचं. समोर काचेचं नवं दुकान थाटलेलं, तिथले दंतवैद्य तरुण आणि गोड बोलणारे. त्यामुळे सर्व्हेअर रुग्णाच्या खुर्चीत पाय पसरून आडवे व्हायचे आणि डॉक्टर शेजारच्या स्टुलावर बसून फोन बघायचे. दवाखाना बंद करायचा त्यांचा विचार होता. वरच्या मजल्यावरची जागा विकून आलेले पैसे बँकेत होते, पण म्हातारा-म्हातारीला शेवटपर्यंत पुरतील एवढे नव्हते. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," डॉक्टर म्हणायचे, "मी जन्मभर तेच केलं, दुसऱ्यांचे कोरून." आणि स्वतःच हसायचे.

धाकटीचे थोडेसे शेअर डॉक्टरांकडे पहिल्यापासून होते. त्यामुळे ते फोनवरच्या एका टोळक्यात सामील झाले होते. टोळक्याचं नाव 'झडपवाले'. सगळे छोटे गुंतवणूकदार, सगळ्यांना धाकटी जिंकणार याची खात्री, आणि कुणालाही कशाचा पत्ता नाही. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी म्हणतात ना, तसला कारभार. आणि मग एका सकाळी दोन्ही कंपन्यांनी मिळून दोन ओळी जाहीर केल्या: वाद सामोपचाराने मिटला आहे, अटी गोपनीय आहेत.

झालं! झडपवाल्यांच्या अंगात आलं. एक म्हणाला, 'सामोपचार' हा शब्द नेहमी हरलेला माणूस वापरतो. दुसरा म्हणाला, धाकटीचा मालक परवा दुकानात हसत होता, मी डोळ्यांनी पाहिलं. तिसऱ्याने तर दर फवाऱ्यामागे किती पैसे मिळणार त्याचा आकडाच लिहून टाकला, तोही अपूर्णांकात. खरं काय ते तीन महिन्यांनी, कंपनीचे हिशेब जाहीर झाले की आकड्यांतून दिसणार होतं. पण तीन महिने तोंड मिटून बसेल तर तो गुंतवणूकदार कसला?

"काय रे, तुमच्याकडे काय हवा?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला काय माहीत? ती घरात काही बोलत नाही."

"बरोबर आहे. बोलूच नये."

तिथे विषय संपायला हवा होता. संपला असता, तर सर्व्हेअर सर्व्हेअर कसले!

"झोपते मात्र छान," छताकडे बघत ते म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली.

"तू तिला ती दातांवर चढवायची प्लास्टिकची टोपी करून दिली होतीस बघ. रात्री दात खाते म्हणून."

"हो, दाढा झिजवून घेतल्या होत्या पोरीने. मग?"

"डबी कोरडी आहे. आठवडा झाला, टोपी डबीतून बाहेरच आलेली नाही. मी काही म्हणत नाही हं. डबी कोरडी आहे, एवढंच."

मग धरण फुटलं. पूर्वी ती फोन घेऊन गच्चीत जायची आणि दार लावायची, आता दार सताड उघडं. ऑफिसची बॅग खुंटीवर गेली. कपड्यांच्या घड्या करताना गुणगुणते. सर्व्हेअर खुर्चीत उठून बसले. "अरे, हरलेला वकील असा झोपतो का? आणि एकरकमी घेऊन भागवलं असतं तर मनात रुखरुख राहिली असती. ही झोप तसली नव्हे. माझं ऐक, दर फवाऱ्यामागे पैसे मिळणार, पेटंट संपेपर्यंत. वर मागची सगळी भरपाई."

शितावरून भाताची परीक्षा करतात ते ठीक. इथे गडी झाकणाच्या वाफेवरून मीठ किती ते सांगत होता. पण आयुष्यात त्यांचा अंदाज क्वचितच चुकला होता, आणि डॉक्टरांना ते माहीत होतं. सर्व्हेअरांना या सगळ्यात दमडीचा लोभ नव्हता, हेही सांगायला हवं. त्यांना फक्त कुणीतरी "वा!" म्हणायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, "वा!"

म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्याचे बहुतेक पैसे त्यांनी धाकटीच्या शेअरमध्ये घातले. तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण शहाण्या माणसाने झडपवाल्यांना लिहिलं: 'आतल्या घरची खबर. वकीलबाई हल्ली शांत झोपतात. दर फवाऱ्यामागे पैसे, शेवटपर्यंत, वर भरपाई.' याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

ही ओळ फिरत फिरत कुठे कुठे गेली. शेअर चढला. धाकटीच्या मालकाला कुणीतरी ती दाखवली, त्याने वकिलांच्या कचेरीत फोन करून आकाशपाताळ एक केलं, आणि सूनबाई भर दुपारी घरी आली.

तिने ती ओळ कागदावर छापून आणली होती, ती टेबलावर ठेवली. सर्व्हेअरांनी वाचली. स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या शब्दांत बघून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"बाबा, आतल्या घरची म्हणजे कुणाची?"

"मी तू सांगितलंस असं म्हटलंच नाही! तू सांगितलंच नाहीस! मी आपला, ती डबी कोरडी दिसली, त्यावरून..."

"कुठली डबी?"

सांगणं भाग पडलं. सूनबाई ऐकत होती, आणि तिचे कान लाल होत गेले. आपण दातांना काय लावतो, गच्चीचं दार कसं ओढतो, घड्या करताना तोंडाने काय म्हणतो, हे सगळं कुणीतरी टिपून घेत होतं म्हटल्यावर दुसरं काय होणार?

"खटला संपला की झोप लागते, बाबा," ती शेवटी म्हणाली. "जिंकला तरी लागते, हरला तरी लागते. संपला ना!"

"हे मला सुचलंच नाही," सर्व्हेअर म्हणाले. एवढी साधी गोष्ट त्यांच्या मनाला शिवली नव्हती.

"सुचलं नाही ते सोड," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "समोर बसून जेवते ती, विचारायला जीभ झडली होती का?" मग तिच्या लक्षात आलं की विचारायचं नाही असं ठरलं होतं, आणि ती आणखीनच चिडली.

सूनबाईने पुढचं समजावून सांगितलं. कचेरीच्या मोठ्या बाई चौकशी करणार. तोवर ती रजेवर. "तुमचा अंदाज खऱ्या अटींच्या आसपास असेल, तर तो नुसता अंदाज होता यावर कोण विश्वास ठेवणार? मीच फोडलं असं होईल. सनद गेली. आणि भलतीकडेच असेल, तर मी सुटले. फोडणारा खोटं कशाला फोडेल?"

"मग... आसपास आहे का?" सर्व्हेअरांच्या तोंडून गेलं. इतक्या वर्षांतला पहिला प्रश्न!

"बाबा!" सूनबाई ओरडली. बायकोने कपाळाला हात लावला.

त्या दिवसापासून सर्व्हेअरांनी देवाचा एक अजब धावा मांडला. जन्मात ज्या माणसाने आपण बरोबर ठरावं यापलीकडे काही मागितलं नव्हतं, तो उठता-बसता म्हणू लागला, देवा, या खेपेला मला गाढव ठरव. चांगलं ठार गाढव.

डॉक्टरांना त्यांनी जाऊन झापलं. डॉक्टर एकही शब्द उलटून बोलले नाहीत. "माझी अक्कल शेण खायला गेली होती," म्हणाले. मग थोड्या वेळाने, हळूच, "म्हणजे तुझा अंदाज खरा निघाला तर सूनबाई गेली. खोटा निघाला तर मी गेलो."

"हो."

"विकून मोकळा होऊ का?"

"आता विकलंस तर म्हणतील, आतून काहीतरी कळलं. बोंब आणखी वाढेल. तू हलू नकोस."

डॉक्टर हलले नाहीत. हे त्यांनी सूनबाईसाठी केलं, आणि त्याचा उच्चारही केला नाही.

चौकशीची खोली छोटी होती, खिडकीला पडदा, टेबलावर पाण्याचा तांब्या. मोठ्या बाई बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या; शेजारी एक सहकारी लिहून घ्यायला. सूनबाई बाहेर बाकावर. सर्व्हेअरांनी सगळं सांगितलं, डबी, दार, बॅग, गुणगुणणं. दवाखान्याच्या खुर्चीत हेच किती वजनदार वाटलं होतं! इथे बोलताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"डबीला हात लावून पाहिलात?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हो."

"आणि यावरून दर फवाऱ्यामागे पैसे, पेटंट संपेपर्यंत, वर भरपाई?"

"हो."

बाईंच्या चेहऱ्यावर रेषा हलली नाही. सर्व्हेअरांनी सवयीने तांब्याकडे, पडद्याकडे, बाईंच्या हातांकडे पाहिलं. हाताला काही लागेना. लिहून घेणाऱ्या माणसाने मात्र पेनाचं टोपण लावलं.

त्यांना एका कागदावर सही करायला लावली. या खोलीत काय झालं, चौकशीचा निकाल काय लागला, यातलं काहीही धाकटीचे हिशेब जाहीर होईपर्यंत बाहेर कुणाला कळता कामा नये. कळलं तर त्याची जबाबदारी सूनबाईवर. मग ते बाकावर बसले आणि सूनबाई आत गेली. जेमतेम एक चहा पिऊन होतो न होतो, तोच ती बाहेर आली.

"चला बाबा. सनद शाबूत आहे."

सर्व्हेअरांना भरून आलं. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण तशी सवय नव्हती, म्हणून त्यांनी तिची बॅग उचलली.

"हिशेब जाहीर होईपर्यंत रजेवरच राहायला सांगितलंय," गाडी चालू करताना ती म्हणाली. "मी लगेच कामावर दिसले तर लोक त्यावरूनही काहीतरी काढतील."

गाडी दोन चौक पुढे गेली, आणि सर्व्हेअरांचा आनंद ओसरू लागला. इतक्या लवकर? अंदाज थोडाफार जवळ असता तर बाईंनी खोदून खोदून विचारलं असतं. टोपण लावून टाकलं! म्हणजे आपला तीर आसपाससुद्धा पडला नाही. म्हणजे दर फवाऱ्यामागे काही नाही. म्हणजे हिशेब जाहीर झाले की शेअर कोसळणार. म्हणजे वरचा मजला...

"तुमच्या डोक्यात काय चाललंय ते कळतंय मला," समोर रस्त्याकडे बघत सूनबाई म्हणाली. "डॉक्टरकाकांना 'विका' म्हणायचं नाही. 'ठेवा' म्हणायचं नाही. मी सुटले, हेसुद्धा सांगायचं नाही. ते सांगणं म्हणजे 'विका' म्हणण्यासारखंच आहे."

"अगं, पण त्याचं म्हातारपण आहे त्यात."

"माहीत आहे मला."

"लहानपणापासूनचा दोस्त आहे माझा."

"माहीत आहे, बाबा. तुमच्यापुढे असा एक माणूस आहे. मला अख्खी बिल्डिंग ओळखते. आणि निम्म्या लोकांकडे धाकटीचे शेअर आहेत. लिफ्टमध्ये भेटतात, हसतात, लेकीचा गालगुच्चा घेतात. मी काय करत असेन?"

ती काय करत असे, ते सर्व्हेअरांना ठाऊक होतं. रात्रभर दात खात असे.

काही दिवस त्यांनी दवाखाना टाळला. मग वाटलं, न जाणं हीसुद्धा एक बातमीच. गेले. खुर्चीत आडवे झाले. डॉक्टरांनी स्टूल ओढलं, फोन उलटा करून ट्रेमध्ये ठेवला.

"शेअरचं विचारत नाही," डॉक्टर म्हणाले. "ते गेलं खड्ड्यात. सूनबाईचं काय झालं तेवढं सांग. मला रात्र रात्र झोप नाही."

दोस्ताचा प्रश्न किती साधा होता! उत्तरही दोन शब्दांचं. सर्व्हेअरांनी डोक्यावरच्या दिव्याकडे बघितलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

"सुटली का?"

सर्व्हेअर गप्प.

"काल भर दुपारी भाजी घेताना दिसली मला. म्हणजे अजून घरीच आहे." डॉक्टर त्यांच्याकडे निरखून बघत होते. चेहऱ्याकडे, खुर्चीच्या दांड्यावर आवळलेल्या बोटांकडे. इतकी वर्षं शेजारी बसून माणूस काहीतरी शिकणारच की! "आणि तू चार दिवस फिरकला नाहीस. आणि आता बोलत नाहीस."

सर्व्हेअरांनी बोटं दांड्यावरून काढून पोटावर ठेवली.

"गेली सनद," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "पोरीची सनद गेली, माझ्या एका ओळीपायी. बोलू नकोस, कळलं मला. नको बोलूस. तुझा अंदाज खरा निघाला रे."

"डॉक्टर..."

"नको म्हटलं ना. तुला आणखी अडचणीत नाही घालायचं." त्यांनी रुमालाने डोळे पुसले, मग फोन उचलला. "पण एक मला करू दे. आता खात्रीच झाली म्हटल्यावर हातात ठेवून काय करायचंय? उरलेलेही घालतो. जे येईल त्यातलं अर्धं तिचं. नाही म्हणायचं नाही."

आणि त्यांनी सर्व्हेअरांच्या देखत दलालाला फोन लावला. "हो, धाकटीचेच. बँकेत असतील तेवढ्याचे. हो हो, सगळ्यांचे."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असाच असतो. एक "थांब" पुरला असता. सर्व्हेअरांच्या घशापर्यंत तो आला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर सूनबाई होती, लिफ्टमध्ये उभी, शेजाऱ्यांशी हसणारी. त्यांनी तो गिळला.

"झालं," फोन ठेवून डॉक्टर म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी जरा हलके झाले. "तू काही बोलला नाहीस, मी काही ऐकलं नाही. सांग बघू, कुणाचा काय नियम मोडला?"

सर्व्हेअर खुर्चीतून उतरले आणि दोस्ताकडे न बघता चपला शोधू लागले. डॉक्टरांनी तेही पाहिलं, आणि समजूतदारपणे मान हलवली.